हौशी रेडिओ

हौशी रेडिओ : आर्थिक लाभाचा कोणताही हेतू न ठेवता, केवळ वैयक्तिक आवडीने व शासनाचा रीतसर परवाना घेऊन व्यक्तींनी चालविलेले दुतर्फा रेडिओ संदेशवहन. असे केंद्र चालविणाऱ्या व्यक्तीला हौशी रेडिओचालक किंवा बोलीभाषेत ‘हॅम’ म्हणतात. धंदेवाईक तारायंत्रचालक आपल्यातील अकुशल माणसाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरीत. पुढे हौशी मंडळींनी तोच अभिमानाने स्वीकारला. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाच्या रेडिओ नियमांत या सेवेची तीन उद्दिष्टे सांगितली आहेत : स्वयंशिक्षण, परस्पर संदेशवहन व तांत्रिक अन्वेषण.

नभोवाणी केंद्र एकाच दिशेने असंख्य श्रोत्यांकडे कार्यक्रम पाठविते. हौशी केंद्रात प्रेषक (रेडिओ तरंग पाठविणारे साधन) व ग्राही (ते ग्रहण करणारे साधन) ही दोन्ही असतात आणि बोलणाऱ्याला उत्तर मिळते. संगीत, जाहिराती व व्यापारी निरोप पाठविण्यास या सेवेत मनाई आहे. दूरध्वनीशी तुलना करता तिचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात येते. दूरध्वनीवरील दोन व्यक्तींच्या मध्ये तारा, केबली, केंद्रे व ती चालविणारी मोठी यंत्रणा असते; दोन हौशी केंद्रांच्या मध्ये बहुधा केवळ अवकाश असतो. उपकरण, आकाशक (अँटेना), विजेचा पुरवठा व चालकाचे कौशल्य या साऱ्या गोष्टी दोघांच्या स्वतःच्या हाती असतात. या छंदाचे आकर्षण आणि त्याचा सार्वजनिक उपयोग या दोहोंचे मूळ या स्वावलंबनात आहे.

नागरी पट्टा (सिटिझन्स बँड) रेडिओ हा हौशी रेडिओहून वेगळा होय. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास सुरू झालेली ही सेवा अल्प अंतरावरील खाजगी बोलण्यासाठी असून १९७०–८० या दशकात ती तेथील मालमोटारचालकांत फार लोकप्रिय झाली. तीत परीक्षा नसते व उपकरण तयार विकत घ्यावयाचे असते. भारतातही या पट्ट्यात कमाल ५ वॉट शक्तीची उपकरणे परवान्याशिवाय वापरण्यास मुभा देण्यात आली आहे. याउलट हौशी चालकाला परीक्षा द्यावी लागते व त्या बदल्यात स्वतः प्रेषक बनविण्याचा, त्यात फेरफार करण्याचा आणि त्याद्वारे जगभर संपर्क साधण्याचा अधिकार मिळतो.

इतिहास : ग्वील्येल्मो मार्कोनी यांनी १८९५ मध्ये बिनतारी संदेशवहनाचे प्रयोग यशस्वी केले व १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पाठविला. त्यानंतर थोड्याच वर्षांत यूरोप व अमेरिकेत अनेक तरुण घरच्या घरी ठिणगी-प्रेषक बनवू लागले. त्यांच्या संकेतांचा जहाजांच्या व नौदलाच्या संदेशांना अडथळा होई. म्हणून अमेरिकेने १९१२ च्या कायद्यान्वये परवाना सक्तीचा केला आणि हौशी मंडळींना २०० मी. व त्याहून कमी तरंगलांबीच्या क्षेत्रात ढकलले. दूरच्या संदेशवहनाला लांब तरंगच उपयोगी पडतात, अशी तेव्हा समजूत होती. त्यामुळे हा निरुपयोगी तुकडा दिल्याने हौशी रेडिओ आपोआप संपुष्टात येईल, असे अनेकांना वाटत होते.

प्रत्यक्षात उलटेच घडले. एका केंद्राचा पल्ला तोकडा असल्याने संदेश केंद्रामागून केंद्राने पुढे पाठवीत नेण्याची कल्पना हायरम पर्सी मॅक्सिम यांनी मांडली व १९१४ मध्ये अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात हौशी केंद्रे बंद होती. युद्धानंतर इलेक्ट्रॉन नलिका (व्हाल्व्ह) उपलब्ध झाल्याने ठिणगी-प्रेषक मागे पडले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे तंबूत ग्राही बसवून अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेआँ दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रायनार्ट्‌झ यांच्यात सु. ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार पहिला दुतर्फा हौशी संपर्क झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनमधील मिल हिल या शाळेतील विद्यार्थी सेसिल गॉयडर आणि न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्यात, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असलेल्या दोन केंद्रांत, संभाषण झाले.

टाकाऊ मानलेले लघुतरंग थोड्या शक्तीत जगाला वळसा घालतात, हे सिद्ध होताच शासकीय व व्यापारी केंद्रे त्या क्षेत्राकडे वळली आणि ज्यांनी ते उपयोगात आणले त्यांनाच त्यातील वाट्यासाठी झगडावे लागले. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला. त्याचा स्थापनादिन १८ एप्रिल हा जागतिक हौशी रेडिओ दिन म्हणून पाळतात. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशी सेवेला आंतरराष्ट्रीय कराराने कंप्रता पट्टे (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) प्रथमच नेमून देण्यात आले. जिनीव्हा येथील १९७९ च्या परिषदेने त्यांत १०, १८ व २४ मेगॅहर्ट्‌झलगतच्या तीन पट्ट्यांची भर घातली.

भारतातील पहिले हौशी केंद्र १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी उभारले, असे मानतात. त्यांच्यापाठोपाठ मुकुल बोस हे दुसरे चालक झाले. भारतातील नभोवाणीचा प्रारंभही हौशी मंडळींनीच केला. १९२३ मध्ये मुंबई व कलकत्ता आणि १९२४ मध्ये मद्रास येथील रेडिओ क्लबांनी कार्यक्रम प्रसारित केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र त्यानंतर, म्हणजे १९२७ मध्ये, सुरू झाले. दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द करण्यात आले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईतून ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात गुप्तपणे चाललेल्या काँग्रेस रेडिओमागे उषा मेहता व त्यांचे सहकारी होते. त्याच्या प्रेषकाच्या जुळणीत हौशी रेडिओचा अनुभव असलेले नरिमन प्रिंटर यांचा हात होता. हे एकेरी प्रक्षेपण असल्याने त्याला हौशी रेडिओ म्हणता येत नाही. परंतु छंद म्हणून मिळविलेले कौशल्य प्रसंगी किती गंभीर कार्याला उपयोगी पडते, याचे ते उदाहरण होय. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू येथे हौशी रेडिओ क्लब स्थापन झाला व १९५४ मध्ये त्याचे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया असे नामांतर होऊन तो दिल्लीस आला. हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ पासून कार्य करीत आहे. राजीव गांधी हे परवानाधारक हौशी चालक होते.

तरंगांचे मार्ग व कंप्रता पट्टे : लघुतरंगांचा पल्ला आयनांबरामुळे वाढतो. वातावरणाच्या वरच्या भागातील वायूंचे सूर्याच्या प्रारणामुळे आयनीभवन होते (अणू व रेणू विद्युत् भारित होतात) व तेथे निरनिराळे थर तयार होतात. सु. २०० ते ४०० किमी. उंचीवरील एफ थरात तरंग वाकून पुन्हा जमिनीकडे येतात; अशा एका झेपेत ते सु. ४,००० किमी. पर्यंत जाऊ शकतात व जमिनीवरून परावर्तित होऊन पुढची झेप घेतात. सु. ६० ते ९० किमी. उंचीवरील डी थर दिवसा कमी कंप्रतेचे तरंग शोषून घेतो व सूर्यास्तानंतर नाहीसा होतो. म्हणून ७ मेगॅहर्ट्‌झ (४० मी.) पट्ट्यात दिवसा काहीशे किलोमीटरपर्यंतची व रात्री परदेशांतील केंद्रे ऐकू येतात, तर १४ मेगॅहर्ट्‌झ (२० मी.) पट्टा दिवसा व सायंकाळी दूरच्या संपर्कास अनुकूल असतो. २१ व २८ मेगॅहर्ट्‌झ हे पट्टे सौर डागांच्या सु. अकरा वर्षांच्या चक्रानुसार कधी खुले, तर कधी जवळजवळ निःशब्द असतात [⟶ आयनांबर]. पट्टा केव्हा ‘उघडेल’ याचा अंदाज बांधणे हा या छंदातील एक मोठा आनंद आहे; मासेमारी करणारा जसा भरतीओहोटीची वेळ ओळखतो, तसा अनुभवी चालक सूर्योदय व सूर्यास्ताच्या आसपासच्या घटका ओळखतो.

भारतात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगॅहर्ट्‌झ हे पट्टेही हौशी सेवेसाठी आहेत. हे तरंग सामान्यतः आयनांबर भेदून निघून जातात व त्यांचा पल्ला दृष्टिरेषेपुरता असतो. डोंगराळ मुलखात दरीतील दोन केंद्रे एकमेकांना ऐकू येत नाहीत. अशा ठिकाणी उंच माथ्यावर पुनःप्रेषक (रिपीटर) बसवितात. तो एका कंप्रतेवर ऐकलेले बोलणे त्याच वेळी दुसऱ्या कंप्रतेवर पुन्हा पाठवितो व त्यामुळे हातात मावणाऱ्या संचालाही मोठ्या परिसरात संपर्क साधता येतो.

उपकरणे : प्रारंभीच्या काळात प्रेषक व ग्राही वेगवेगळे असत, पुढे दोन्ही एकाच पेटीत आली व तिला प्रेषक-ग्राही (ट्रान्ससीव्हर) म्हणू लागले. आधुनिक तयार संच महाग असल्याने भारतातील अनेकांनी तो स्वतः बांधण्याचा मार्ग पत्करला. युद्धानंतर मोडीत निघालेली लष्करी उपकरणे व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतील सुटे भाग हा त्यांचा आधार होता. हैदराबाद येथील अशहर फर्हान यांनी २००० नंतरच्या दशकात ‘बिटएक्स’ नावाचा सु. ६ वॉट शक्तीचा संच सर्वांसाठी खुला केला. दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्यांकडे सहज मिळणारे भाग त्यात वापरले होते व काही वेटोळी तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळून केलेली होती. त्याच्या आराखड्यावरून अनेक देशांत संच बांधले गेले.

केंद्राचे यश संचापेक्षा आकाशकावर अधिक अवलंबून असते. सर्वांत साधा आकाशक म्हणजे अर्धतरंग द्विध्रुव : मध्यभागी तुटक ठेवलेली एक तांब्याची तार. तिची मीटरमधील लांबी काढण्यासाठी १४३ या संख्येला मेगॅहर्ट्‌झमधील कंप्रतेने भागतात, म्हणजे ७.१ मेगॅहर्ट्‌झसाठी ती सु. २० मी. व १४.२ मेगॅहर्ट्‌झसाठी सु. १० मी. भरते. अशी तार दोन झाडांमध्ये किंवा गच्चीवरील दोन खांबांमध्ये ताणली, की ५ वॉटपेक्षाही कमी शक्तीत हजारो किलोमीटरवरील केंद्राशी संपर्क होऊ शकतो. अधिक दिशादर्शकता हवी असल्यास यागी-उदा आकाशक वापरतात. विजेपासून बचावासाठी आकाशक व संच यांची भूसंपर्कन व्यवस्था चांगली असणे आणि पावसाळी वादळात संच अलग करून ठेवणे आवश्यक असते [⟶ आकाशक].

संदेशाचे प्रकार : मॉर्स संकेतलिपीतील संदेशासाठी वाहक तरंग केवळ चालू-बंद करावा लागतो. प्रेषक साधा असतो, पट्ट्यातील जागा अत्यल्प लागते आणि गोंगाटातूनही लघु-दीर्घ नाद ओळखता येतो. म्हणून व्यापारी सेवांतून नाहीशी झालेली ही लिपी हौशी रेडिओत टिकून आहे. आवाज पाठविण्यासाठी पूर्वी परमप्रसर विरूपण (तरंगाची तीव्रता आवाजानुसार बदलणे) वापरीत. त्यात पूर्ण विरूपण असतानाही दोन-तृतीयांश शक्ती ज्यात काहीच माहिती नसते अशा वाहक तरंगात खर्च होते. वाहक तरंग व दोहोंपैकी एक पार्श्वपट्ट गाळून टाकण्याच्या एकपार्श्वपट्ट पद्धतीत सर्व शक्ती आवाजाच्या कामी येते व जागाही निम्मी लागते. त्यामुळे लघुतरंगांवर ती रूढ झाली. अल्प अंतरावर कंप्रता विरूपण वापरतात. संगणकाच्या साहाय्याने चालणाऱ्या अंकीय पद्धतीही प्रचलित आहेत. नोबेल पारितोषिकविजेते खगोलभौतिकीविज्ञ व हौशी चालक जोसेफ टेलर यांनी स्टीव्हन फ्रँकी यांच्यासह २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एफटी-८’ या पद्धतीत कानाला अजिबात ऐकू न येणारा क्षीण संकेतही उलगडता येतो.

परवाना व संभाषणाचे शिष्टाचार : भारतात परवाना केंद्र शासनाच्या संचार मंत्रालयाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा देते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाला परीक्षेस बसता येते. तीत रेडिओविषयक मूलतत्त्वे व राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय नियम यांचा समावेश असतो. पूर्वी परवान्याचे अनेक वर्ग होते. पुढे सर्वसाधारण व मर्यादित असे दोनच ठेवण्यात आले. मॉर्स लिपीची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये उठली, तरी भारतात सर्वसाधारण वर्गासाठी ती नंतरही ठेवण्यात आली. प्रत्येक केंद्राला स्वतंत्र हाकनाम मिळते. भारतीय हाकनामे सामान्यतः ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. त्यांपुढील ४ हा अंक अंदमान-निकोबारचा व ७ हा लक्षद्वीपचा निदर्शक असतो.

संपर्क साधू इच्छिणारा चालक प्रथम ती कंप्रता मोकळी असल्याची खात्री करून घेतो व ‘सीक्यू’ अशी सर्वांना उद्देशून हाक देतो. उत्तर मिळाल्यावर संकेताची स्पष्टता व तीव्रता, नाव, गाव, उपकरण आणि हवामान यांची देवाणघेवाण होते. तारायंत्राच्या काळातील ‘क्यू’ संकेतांमुळे परस्परांची भाषा न येणाऱ्यांनाही हे जमते. संदेश उघड भाषेत असावा लागतो. अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरता येत नाही. कोणीही ऐकू शकेल अशा जागी बोलत असल्याचे भान ठेवून राजकारण व धर्म हे विषय टाळण्याचा प्रघात आहे. संपर्काची खूण म्हणून क्यूएसएल नावाची पत्रे टपालाने पाठवितात. अलीकडे संगणकीय नोंदींनीही ते काम होते. शंभर देश-प्रदेशांशी संपर्क झाल्याचे पुरावे सादर करणाऱ्यास विशेष प्रशस्तिपत्र मिळते. या गणनेत अंदमान-निकोबार व लक्षद्वीप हे भारताच्या मुख्य भूमीहून वेगळे धरतात; त्यामुळे तेथून केंद्र सुरू झाले, की जगभरातील चालक त्याच्याशी संपर्क साधण्यासाठी धडपडतात.

विज्ञानातील व अवकाशातील कार्य : कार्ल जॅन्स्की यांनी आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ तरंगांचा शोध लावल्यावर धंदेवाईक संशोधकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. अमेरिकेतील हौशी चालक ग्रोट रेबर यांनी १९३७ मध्ये स्वखर्चाने घराच्या आवारात सु. ९.५ मी. व्यासाचा अन्वस्तीय (पॅराबोलिक) आकाशक बांधला व आकाशाचा रेडिओ नकाशा तयार केला. १९६० मध्ये हौशी केंद्रांनी चंद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या तरंगांद्वारे दुतर्फा संपर्क साधला; चंद्रापर्यंत जाऊन परतण्यास संकेताला सु. अडीच सेकंद लागतात.

पहिला कृत्रिम उपग्रह सोडला गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांत, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातील हौशी चालकांनी बनविलेला ‘ऑस्कर-१’ हा उपग्रह कक्षेत गेला. सु. ४.५ किग्रॅ. वजनाचा हा उपग्रह मॉर्स लिपीत ‘एच आय’ ही दोन अक्षरे पाठवीत असे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी ६ या वाहनातून ४२.५ किग्रॅ. वजनाचा ‘हॅमसॅट’ सोडला व तो २०१४ पर्यंत उपयोगात होता. १९८३ मध्ये ओवेन गॅरिएट यांनी ‘कोलंबिया’ अवकाशयानातून पृथ्वीवरील हौशी चालकांशी संभाषण केले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही हौशी केंद्र असून शाळकरी विद्यार्थी त्याद्वारे अंतराळवीरांना प्रश्न विचारतात.

आपत्तीतील उपयोग : भूकंप, महापूर वा चक्रीवादळ यांत दूरध्वनीचे खांब व मनोरे कोसळतात, वीज खंडित होते आणि जी यंत्रणा शिल्लक राहते ती एकाच वेळी येणाऱ्या हाकांनी कोंडते. मोटारीची विद्युत् घटमाला, एक संच व झाडाला बांधलेली तार एवढ्या सामग्रीवर हौशी केंद्र तासाभरात चालू होऊ शकते. एरव्ही अन्य देशातील केंद्राला त्रयस्थाचे निरोप पाठविण्यास बंदी असली, तरी आपत्तीत तशी मुभा असते. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर आणि गुजरातेतील २००१ च्या भूकंपानंतर दूरध्वनी यंत्रणा कोलमडली असता हौशी चालकांनी निरोप पोहोचविले. गंगासागरच्या जत्रेत चुकलेल्या यात्रेकरूंची घरच्यांशी गाठ घालून देण्याचे काम पश्चिम बंगालमधील चालक करीत आले आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. दीर्घ खंडानंतर तेथून मिळालेल्या परवानगीचा लाभ घेऊन जगभरच्या हौशी केंद्रांना त्या दुर्मिळ प्रदेशाशी संपर्क घडवावा, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबर रोजी भूकंप व त्यामागून त्सुनामी लाटा आल्या आणि बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दूरध्वनी संपर्क तुटला. पथकाने तत्काळ आपले केंद्र मदतकार्याकडे वळविले व बेटांवरील लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. बक्षिसपत्रांसाठी चाललेला वरकरणी निरुद्देश खेळच योग्य सामग्री व सराव असलेली माणसे योग्य जागी घेऊन गेला होता. आपत्तीसाठी म्हणून कुलूपबंद ठेवलेले उपकरण ऐन वेळी बंद निघण्याचा संभव असतो. हौशी चालकाचे उपकरण रोज वापरात असते, हा त्यातील महत्त्वाचा भेद होय.

सद्यःस्थिती : फिरता दूरध्वनी व इंटरनेट यांमुळे दूरच्या माणसाशी बोलणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही, तरीही जगात लाखो परवानाधारक आहेत. त्यांच्यापुढील अडचणी निराळ्या आहेत. शहरांत एलईडी दिवे, विद्युत् भारक व सौर शक्तीची परिवर्तक उपकरणे यांच्यापासून निघणाऱ्या रेडिओ गोंगाटात क्षीण संकेत बुडून जातात. सदनिकांच्या इमारतींत गच्चीवर आकाशक उभारण्यास शेजाऱ्यांची संमती मिळणे कठीण असते. उच्च कंप्रतांना मोठे व्यापारी मोल आल्याने तेथील हौशी पट्ट्यांवरही दाब वाढला आहे, उदा., अमेरिकेत ३.३ ते ३.५ गिगॅहर्ट्‌झ हा पट्टा हौशी सेवेकडून काढून फिरत्या संदेशवहनाकडे देण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला.

कंप्रतांचा पट ही मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे व तिचे वाटप बहुतांशी शासने आणि मोठ्या कंपन्या यांच्यात होते. सामान्य नागरिकाला प्रयोगासाठी व परस्परांशी बोलण्यासाठी तिच्यात राखून ठेवलेला भाग म्हणजे हौशी रेडिओचे पट्टे. १९१२ मध्ये असाच एक ‘निरुपयोगी’ तुकडा हौशी मंडळींच्या हाती दिला गेला आणि लघुतरंगांचे सामर्थ्य जगाला कळले. हे पट्टे यापुढे टिकणे किंवा न टिकणे हे त्यांचा नियमाने, कल्पकतेने व सातत्याने वापर करणाऱ्यांच्या संख्येवर बरेचसे अवलंबून आहे.